ठेवून घेतलेली

८ फेब्रुवारी

ताई,

हा पत्ता जुना आहे. तू अजून तिथेच असशील असं धरून लिहिते आहे. नसशील तर पोस्टमनने वाचलं तरी चालेल, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आजी गेली. मंगळवारी, सकाळचा चहा झाल्यावर. फार त्रास झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगते आहे, म्हणून तुलाही तेच सांगते. मागच्या वर्षी तिला झटका आला होता. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून ती वरच्या खोलीत पडून आणि धुण्याची भट्टी खाली, आणि मी मध्ये जिन्यावर. तुला तेव्हाच कळवणार होते, पण ती म्हणाली, "नको कळवू. ती येईल."

सगळी गल्ली आली होती. बेकरीवाला, हेडमास्तर, दवाखान्यातल्या नर्सा, आणि कितीतरी माणसं ज्यांना मी चेहऱ्याने ओळखतच नव्हते. शर्ट मात्र ओळखीचे होते. प्रत्येकाने माझे हात हातात घेऊन सांगितलं की अशी कष्टाळू बाई होणे नाही. आणि जाताना दाराशी गाठोडं ठेवलं. "घाई नाही हं, सावकाश दे." शेवटी शेवटी तर भेटायला येणाऱ्यांना गाठोडी ओलांडून आत यावं लागत होतं. मला हसू फुटलं. मी भिंतीकडे तोंड केलं, तर वहिनींना वाटलं मी रडते आहे. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

वहिनी तुला माहीत नाहीत, तू गेल्यानंतर आल्या. इस्त्री त्या करतात. कोणाच्या वहिनी ते आम्हालाही माहीत नाही. गुडघे गेलेत, पण कॉलर अशी बसवतात की माणसाला मान वाकवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दवाखान्याच्या चादरी काही कोणासाठी थांबत नाहीत. मी बरी आहे. वरची खोली आता रिकामी आहे, आलीस तर.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण अक्षर तेच, डावीकडे कललेलं. बरं वाटलं, मग वाचलं.

"मला तिनं भर रस्त्यात हाकललं. तू तिची बाळ. तेव्हा रडायचं तर तू रड." ठीक आहे. मी अजून रडलेली नाही, हात रिकामे झाले की बघू. पण ते 'बाळ' तू जरा तिरकं लिहिलंस, ते मला लागलं. तुला वाटतं की तू बाहेर फेकली गेलीस आणि मी इथे मांडीवर बसून राहिले. मांडी कुठली? मांडी घालून बसलेली आजी तू तरी कधी पाहिलीस का?

तू गेलीस आणि दोन-तीन महिन्यांत दवाखान्याचं काम आलं. तोवर आपण शर्ट-पँटचे लोक होतो. एकदम चादरींचे ढीग यायला लागले, रक्ताचे, औषधांचे, आणखी कसले कसले डाग. मला उलटी व्हायची. आजी डागांशी बोलायची, भाडेकरूशी बोलावं तशी. "निघ बाहेर. किती दिवस राहायचं ठरवलंयस? हे काय तुझ्या बापाचं घर आहे?" आणि डाग निघायचा. न निघाला तर म्हणायची, "हा शिकलेला दिसतोय, ऐकत नाही."

चादरीची घडी एकटीला होत नाही, हे तुला माहीत आहे. तू असतीस तर तू धरलं असतंस ते टोक मी धरलं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि टोक धरायचं. ती त्या बाजूने, मी या बाजूने. झटकायचं, ताणायचं, एकमेकींकडे चालत यायचं, तिच्या हातात माझं टोक द्यायचं, परत मागे जायचं. दिवसभर मी तिच्याकडे चालत जायचे आणि परत मागे यायचे, ताई. परीक्षा संपली, पुढे काय करायचं ते विचारायचं राहून गेलं. तिनेही विचारलं नाही. मी एकदा म्हटलं की मैत्रिणी पुढच्या वर्गाचे फॉर्म आणायला चालल्यात. ती म्हणाली, "जा की तूही." मग चादरीचं तिच्याकडचं टोक तिने गादीखाली खोचलं आणि एकटीच दुसरं टोक धरून ओढायला लागली. चादर जमिनीला लागली, पुन्हा धुवावी लागली. मी गेले नाही. तिने काही म्हटलं नव्हतं. ती कधीच काही म्हणायची नाही.

असं नको समजू की मी तक्रार करते आहे. माझ्यावर तिचा जीव होता. थंडीत माझे कपडे ती इस्त्री फिरवून गरम करायची आणि वाफ निघत असतानाच अंगात घालायला लावायची. मी मोठी झाले, माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी घालायची. तिची बोटं सोड्याने फाटलेली, भेगांत रात्री ती मेणबत्तीचं मेण भरायची, आणि त्या बोटांनी माझ्या कॉलरचं बटण लावायची. "बाळा, गळ्याशी वारा लागू देऊ नको." हे बटण मी अजून उघडं ठेवू शकत नाही. परवा उकडत होतं तरी लावलं.

तू येणार नाहीस हे कळलं. मीही आग्रह करत नाही. पत्र मात्र लिही.

धाकटी

१९ मार्च

ताई,

मधे लिहायला फुरसत झाली नाही. खरं म्हणजे झाली होती, पण काय लिहायचं ते ठरेना. मागच्या वेळी लिहिलं की मी तक्रार करत नाही. आज करते.

दवाखान्याचा स्टोअरकीपर आला होता. पुढच्या पाच वर्षांचं काम द्यायला तयार आहेत. मोठा उपकार केल्यासारखं तोंड होतं, आणि उपकार आहेच, बाहेरगावच्या मोठ्या लॉन्ड्र्या टपून बसल्यात. म्हणाला, "आजींच्या शब्दावर आम्ही डोळे झाकून माल पाठवला. आता तुमच्या." कागद ठेवून गेलाय. महिनाअखेर सही हवी.

बेकरीवाल्याने गल्लीतून वर्गणी काढून पाटी रंगवून आणली. 'आजीची धुलाई'. खाली लहान अक्षरांत, 'नातीच्या हाती'. चार माणसं शिडी घेऊन आली, मला विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी खाली उभी राहून शिडी धरली. पाटी सरळ आहे का ते त्यांनी मला विचारलं तेवढंच. सरळ होती.

हेडमास्तर म्हणाले, "तू अगदी आजीच." सगळे हेच म्हणतात, आणि खोटं नाही. परवा मी उभ्यानेच जेवत होते. वहिनी म्हणाल्या, जरा बसा की. माझ्या तोंडून निघालं, "बसले तर मला उठवणार कोण?" आवाजसुद्धा तिचा. वहिनींच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि बेकरीवाल्याच्या पांढऱ्या कोटाला चॉकलेटी झाक आली.

मला हे नको आहे, ताई. मला कुठे जायचं आहे ते विचारू नकोस, मला माहीत नाही. लग्न करायचं होतं असंही नाही, एक चष्मेवाला विचारत होता, तो कंटाळून दुसऱ्या गावी गेला, सुखी असावा. मला फक्त निघायचं आहे. पण निघणारा माणूस कुठेतरी निघतो ना? नुसतं 'निघते' म्हटलं तर लोक विचारतात, बरं वाटत नाही का. वहिनींना या वयात कोण ठेवून घेणार? मी सही केली नाही तर त्या घरी बसणार, आणि घर म्हणजे भाच्याच्या स्वयंपाकघरातला कोपरा. त्या तोंडाने काही म्हणत नाहीत. फक्त रोज माझ्याआधी येऊन दाराशी उभ्या असतात. आजीकडूनच शिकल्या.

आजीलाही निघायचं होतं का, असा विचार येतो. तुला एक सांगायचं राहिलं. झटक्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एकदा ती म्हणाली, "बाळा, ही बस जाते कुठे?" आपल्या दुकानासमोरून जाते ती. जन्मभर तिने ती बस पाहिली, आणि तिच्यात बसली ती फक्त बाजारापर्यंत. म्हटलं, चल बघू. भांड्यात चादरी भिजत घातल्या, वहिनींवर दुकान टाकलं, आणि आम्ही शेवटपर्यंत गेलो. शेवटी काय असणार? बस धुवायची जागा. एक माणूस पाइप घेऊन बस धूत होता. आजी बराच वेळ बघत राहिली. मग त्याला म्हणाली, "वरून खाली धू रे, खालून वर काय धुतोस? घाण परत खालीच येणार." तो म्हणाला, "आजीबाई, तुम्हीच या." ती खरंच निघाली होती. मी दंड धरून थांबवलं.

मग ती तिथल्या एका बाकावर बसली. खरीखुरी बसली, पाठ टेकून. समोर शेत होतं, त्यात काही पेरलेलं नव्हतं. ती म्हणाली, "इथं आपल्याला कोणी ओळखत नाही." मी म्हटलं, नाही. "हाक मारायची तर कोणाला आपलं नाव ठाऊक नाही." मी म्हटलं, नाही. तिचा चेहरा असा झाला, ताई, मी तो आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मऊ झाला. मला वाटलं आता ही म्हणणार, राहू इथंच. बस सुरू झाली तशी ती उठली. "चल, चादरी जास्त भिजल्या तर वास धरतील." येताना सगळा वेळ ती खिडकीबाहेर बघत होती आणि माझा हात तिने हातात घट्ट धरला होता. तेव्हा मला वाटलं, प्रेमाने.

धाकटी

४ एप्रिल

ताई,

तुझं मोठं पत्र आलं. नऊ पानं. एवढं तू माझ्याशी कधी समोरासमोरही बोलली नव्हतीस. दुपारी उभ्याने वाचायला घेतलं आणि सहाव्या पानाला धुतलेल्या चादरींवर बसले. वहिनी ओरडल्या तरी उठले नाही.

त्या दिवशी मी शाळेत होते. घरी आले तर तू नव्हतीस, आणि आजी एवढंच म्हणाली, "ती गेली. तिचं नाव काढायचं नाही." ती तुला नेमकं काय बोलली ते मला आजवर माहीत नव्हतं. तू ते जसंच्या तसं लिहिलंस. "चालती हो. पांढऱ्या पायाची तू. आईला खाल्लंस, आता मला खाशील. परत या दाराशी दिसलीस तर अंगावर उकळतं पाणी ओतीन." आणि कारण काय, तर एक शर्ट करपला. शर्ट तर आपल्याकडे आठवड्याला एक करपायचा.

ताई, हे शब्द मला पाठ आहेत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तिला फार त्रास झाला नाही. ते खरं नव्हतं. शेवटचे दोन महिने ती मला शिव्या द्यायची. मी जेवण घेऊन वर गेले की तोंड फिरवायची आणि सुरू व्हायची. जीभ वळत नव्हती, शब्द अर्धे लाळेतच राहायचे, पण मला समजायचे. चालती हो. पांढऱ्या पायाची. आईला खाल्लंस. डाव्या हाताने भांडं ढकलायची. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर स्वभाव बदलतो, मनावर घेऊ नका. मी घेतलं नाही. मी तिचं तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "हो हो, जाते हं मी, आधी एवढं पिऊन टाक." त्यावर ती रडायची. डॉक्टर म्हणाले, तेही आजारातच येतं.

त्या मंगळवारी चहा पिऊन तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "अजून इथंच?" मी म्हटलं, कुठे जाणार मी, आजी? तिने डोळे मिटले. एवढंच.

तू पत्रात आणखी एक गोष्ट लिहिलीस, सहज, जाता जाता. की तिने तुला हाकललं त्याच्या आदल्याच दिवशी तू तिला सांगितलं होतंस, शिक्षिकेच्या कोर्सला मी जात नाही, तुला एकटीला झेपायचं नाही, मी इथेच राहते. तू ते दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहिलंस. मला ते एकाच ओळीत दिसलं.

तिने तुला हाकललं नाही, ताई. तिने तुला घालवलं. गोड बोलून तू गेली नसतीस, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मला झटक्याचं कळवू दिलं नाही, "ती येईल" म्हणाली, तेही त्यासाठीच. आलीस तर अडकशील.

आता तुला वाटेल, हे कळून धाकटीला बरं वाटलं असेल. मला तर राग आलाय. एवढा की हातातला साबण मी भिंतीवर फेकला. तुला सोडणं तिला जमलं, कारण मागे मी होते. माझ्या मागे कोणी नव्हतं. म्हणून मला बाळा. म्हणून गरम कपडे, गळ्याशी बटण. मी नाही म्हणत की ते खोटं होतं. खरंच होतं, तेच तर अवघड आहे. शिवी दिली असती तर मी पळाले असते. आणि शेवटी जेव्हा तिला पटलं की आता हिलाही सोडावं, तेव्हा तोंड तिचं राहिलं नव्हतं. बिचारीने केवढा जोर लावला, आणि मी तिची लाळ पुसत बसले.

कागद अजून तसाच आहे. तारीख उलटली, स्टोअरकीपरने आठवडाभर थांबतो म्हणून सांगितलंय. मला माहीत आहे मी सही करणार. दार सताड उघडं आहे आणि माझ्याने उंबरा ओलांडवत नाही. मला जायची सवयच नाही, मागे येऊन टोक धरायचीच सवय आहे.

तू येणार नाही म्हणालीस. तरी ये. राहायला येऊ नको, सांत्वनाला येऊ नको. तू थोरली आहेस. ये आणि मला घालव.

धाकटी

२१ जून

ताई,

पोचले, ते कार्डावर कळवलंच होतं. बसमध्ये झोप लागली, त्यामुळे गाव कधी आलं ते कळलं नाही. कंडक्टरने उठवलं.

तू आलीस त्या दिवशी माझ्या तोंडून काही निघालं नाही, म्हणून आता लिहिते. तू दारात उभी होतीस, जाड झालेली, चष्मा लावलेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की शाळेतून कोणी बाई वर्गणी मागायला आल्या. तू तोंड उघडलंस आणि तुझ्याने एक शिवी देववेना. "चालती," म्हणालीस, आणि पुढचं घशातच राहिलं. शिक्षिका झालीस ना, तोंड बिघडलं तुझं. मग आपण दोघी तशाच उभ्या, आणि तेवढ्यात हेडमास्तर गाठोडं घेऊन आले.

तू म्हणालीस, "दुकान बंद झालं."

ते म्हणाले, "असं कसं? आजी असत्या तर..."

"आजी असती तर चिखलाच्या बुटांनी तुम्हाला आत येऊ दिलं असतं का?"

हेडमास्तर खाली बघून मागे सरकले. शाळेत असताना मी त्यांना एवढी घाबरायचे. मी त्यांच्यासाठी काहीतरी बोलणार होते, तर तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तू गप्प." आणि मग, "तुझी पिशवी कुठे आहे?"

मी विचारलं, "कुठे जाऊ?"

"ते मी कशाला सांगू?"

तेवढं पुरलं.

वहिनी माझ्याशी शेवटच्या दिवसापर्यंत बोलल्या नाहीत, हे तू पाहिलंसच. मी निघताना फक्त म्हणाल्या, "आजींनी केलं नसतं असं." मी म्हटलं, "नाही, केलं नसतं." तुझ्या परवाच्या पत्रातून कळलं की त्यांनी पुढची खोली ठेवून घेतली, फक्त इस्त्री करतात, भट्टी विझवली, आणि दुपारी चारला कुलूप लावून घरी जातात. गल्लीला ते पचत नाही म्हणे. पाटीवरचं 'नातीच्या हाती' त्यांनी चुन्याने पुसून टाकलं. बरं केलं. राग जाईल की नाही ते त्यांचं त्या बघतील. दवाखान्याचं काम बाहेरगावी गेलं. मी गेले आणि जग बुडालं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं, तुला म्हणून सांगते.

खोली लहान आहे. खिडकीतून भिंत दिसते, भिंतीवर मांजर बसतं. सकाळी जाग येते ती भट्टी पेटवायची म्हणूनच. मग आठवतं, आणि काही क्षण काय करायचं ते सुचत नाही. सुटल्यासारखं वाटतं असं नाही. छातीशी अजून कोणीतरी टोक धरून ओढतंय असं वाटतं, आणि पलीकडे कोणी नाही. आजी आठवते. बाकावर बसलेली आठवते जास्त करून, का ते माहीत नाही, जन्मात एकदाच तर बसली.

मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्ही करता काय?"

मी म्हटलं, "अजून काही नाही."

त्यांनी वर-खाली पाहिलं, भाडं थकवणारी दिसते असं त्यांना वाटलं असावं. मी दार लावून घेतलं आणि भर दुपारी पलंगावर आडवी झाले. झोप लागली. उठले तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती, मांजर गेलं होतं. मी बराच वेळ कान देऊन पडून राहिले. मला कोणी हाक मारलेली नव्हती.

धाकटी